मोकाट सुटलेल्या प्रोसेस आणि त्यांना आवर घालण्याचे मार्ग

या वेळच्या टपालातून एकाच दुखण्याची पाच पत्रे निवडली आहेत. सर्व्हरवरील स्क्रिप्ट आर्काइव्ह (अनेक फाइलींचा एकत्र बांधलेला गठ्ठा) तयार करण्यासाठी किंवा उलगडण्यासाठी झिप, अनझिप, अनरार, टार, सेव्हन-झिप यांसारखे एखादे बाहेरचे साधन चालवते आणि ते साधन, म्हणजे त्याची चालू प्रत असलेली प्रोसेस, काम संपवून परत येतच नाही. कधी ते सीपीयू खात राहते, कधी नुसते पडून राहते, तर कधी एकाच्या जागी चाळीस प्रती दिसू लागतात. लक्षणे वेगळी असली तरी स्क्रिप्ट लिहिताना राहून गेलेली गोष्ट बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. ही साधने मूळची टर्मिनलसमोर बसलेल्या माणसासाठी घडवलेली आहेत. स्क्रिप्टमधून चालवताना तेथे माणूस नसतो, त्यामुळे त्याने केली असती ती सर्व कामे स्क्रिप्टलाच करावी लागतात. प्रश्नाला उत्तर देणे, पडद्यावरचा मजकूर वाचणे, फार वेळ लागला तर थांबवणे आणि मागचा पसारा आवरणे ही ती कामे. पुढील उत्तरे लिनक्स सर्व्हर गृहीत धरून दिली आहेत.

प्रश्न : आमच्या संकेतस्थळावर वापरकर्ते रार आणि झिप स्वरूपातील आर्काइव्ह अपलोड करतात व पीएचपी स्क्रिप्ट ‘एक्झेक’ फंक्शनने अनरार किंवा अनझिप चालवून ती उलगडते. एरवी सारे सुरळीत असते. पण आठवड्यातून एकदा-दोनदा अनरारची एखादी प्रोसेस सीपीयूचा एक कोअर पूर्ण व्यापून तासन्‌तास चालत राहते आणि लॉग फाइल काही गिगाबाइटपर्यंत फुगते. तीच कमांड मी हाताने दिली, तर दोन सेकंदांत संपते. सर्व्हरवरील साधने जुनी आहेत आणि ती लगेच बदलता येणार नाहीत. दोष कोठे शोधावा?

उत्तर : ‘हाताने दिली, तर दोन सेकंदांत संपते’ हे आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य आहे. आपण हाताने चाचणी घेतली ती बहुधा रिकाम्या फोल्डरमध्ये. स्क्रिप्ट मात्र ज्या फोल्डरमध्ये काम करते, तेथे आधीच्या अपलोडमधून आलेली त्याच नावाची फाइल शिल्लक असणार. अशा वेळी अनरार थांबून विचारते की, ही फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का. हो, नाही, सर्व, कधीच नाही, नाव बदला की बाहेर पडा? टर्मिनलसमोर माणूस असता तर त्याने एक अक्षर दाबले असते. स्क्रिप्टमधून चाललेल्या प्रोसेसचे स्टँडर्ड इनपुट, म्हणजे मजकूर आत येण्याचा मार्ग, मात्र पुष्कळदा ‘डेव्ह नल’ या कायम रिकाम्या खास फाइलीला जोडलेले असते आणि तेथून वाचायला गेले की ‘मजकूर संपला’ एवढेच कळते. अनरारच्या जुन्या आवृत्त्यांना ते उत्तर चुकीचे वाटते, म्हणून त्या तोच प्रश्न पुन्हा विचारतात. पुन्हा तेच उत्तर मिळते आणि हे चक्र कोणी थांबवीपर्यंत चालू राहते. लॉग फुगण्याचे कारणही हेच आहे. एका प्रश्नाचा मजकूर दोनशे बाइटांचा आणि सेकंदाला पन्नास हजार फेऱ्या धरल्या, तरी सेकंदाला १० मेगाबाइट, म्हणजे तासाला ३६ गिगाबाइट इतका एकच प्रश्न लॉगमध्ये साठत जातो. अनरारच्या नंतरच्या आवृत्त्यांत इनपुट संपल्याचे ओळखून बाहेर पडण्याची तपासणी घातलेली आहे. आपली आवृत्ती त्याआधीची दिसते.

हे अनुमान पडताळून पाहणे अवघड नाही. प्रोसेस पुन्हा सुटली की लगेच मारू नका; आधी तिच्याकडे नीट पाहा. ‘पीएस’ कमांडला प्रोसेसचा क्रमांक, तिच्या पालकाचा क्रमांक, स्थिती, सुरू होऊन झालेला वेळ आणि पूर्ण कमांड हे स्तंभ मागा. स्थितीच्या स्तंभात ‘आर’ असेल, तर ती प्रोसेस खरोखर सीपीयू वापरते आहे. मग रूट अधिकाराने ‘एस-ट्रेस’ तिला जोडा; प्रोसेस कर्नलकडे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडे, काय मागते ते हे साधन दाखवते. वर सांगितलेल्या स्थितीत पडद्यावर दोनच ओळी आळीपाळीने धावताना दिसतील. पहिलीत क्रमांक ० च्या डिस्क्रिप्टरवरून (म्हणजे स्टँडर्ड इनपुटवरून) वाचन केलेले असेल आणि परत आलेला आकडा शून्य असेल. दुसरीत प्रश्नाचा मजकूर लिहिलेला असेल. एकदा ही जोडी पाहिली की निदानाबद्दल शंका उरत नाही. कर्नल प्रोसेसची माहिती जेथे दाखवतो त्या ‘प्रोक’ डिरेक्टरीखाली त्या प्रोसेसच्या क्रमांकाच्या डिरेक्टरीत ‘एफडी’ नावाची उपडिरेक्टरी असते. तिथली ‘०’ ही लिंक कोठे जाते तेही पाहून ठेवा.

उपाय म्हणजे साधनाला प्रश्न विचारण्याची वेळच येऊ न देणे. येथे एक गोष्ट काळजीपूर्वक लक्षात घ्यावी लागते, कारण प्रत्येक साधनाची अक्षरे वेगळी आहेत. अनरारला ‘-ओ+’ दिले की ते जुन्या फाइलीवर लिहिते, ‘-ओ-’ दिले की ती फाइल वगळते आणि ‘-वाय’ दिले की सर्व प्रश्नांना होकार गृहीत धरते. सेव्हन-झिपमध्येही ‘-वाय’चा अर्थ होकार असाच आहे. झिपमध्ये मात्र ‘-वाय’ म्हणजे सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलीकडे किंवा डिरेक्टरीकडे बोट दाखवणारी नोंद) ती लिंक म्हणूनच साठवणे. होकाराशी त्याचा काहीही संबंध नाही. अनझिपला ‘-ओ’ किंवा ‘-एन’ द्यावे लागते. पहिल्याने ते विचारल्याविना लिहिते, दुसऱ्याने विचारल्याविना वगळते. एका साधनासाठी लिहिलेली ओळ उचलून दुसऱ्याला चिकटवणे ही या बाबतीत फार वारंवार होणारी चूक आहे.

अनझिप इनपुट संपल्यावर घिरट्या घालत नाही. ‘एकही फाइल बदलू नका’ असे उत्तर मिळाल्याचे ते मानते आणि पुढे जाते. ते बरे वाटले तरी फोल्डरमध्ये काही फाइली नव्या आणि काही जुन्या अशी सरमिसळ राहते. ही सरमिसळ मला अडकलेल्या प्रोसेसपेक्षाही घातक वाटते, कारण अडकलेली प्रोसेस निदान दिसते तरी. म्हणून प्रत्येक अपलोडसाठी नवे, रिकामे आणि अनन्य नावाचे तात्पुरते फोल्डर करावे, आर्काइव्ह त्यात उलगडावे आणि साधनाचा निर्गम संकेत (काम कसे संपले ते सांगणारा आकडा) तपासल्यावरच त्यातील फाइली योग्य जागी हलवाव्यात. असे केले की प्रश्नाचे मूळच नाहीसे होते. पर्याय दिलेले असावेतच, पण मुख्य भरवसा रिकाम्या फोल्डरवर ठेवावा.

पासवर्डने बंद केलेले आर्काइव्ह आले तर तोच पेच वेगळ्या रूपात उभा राहतो. अनरारला ‘-पी-’ देऊन पासवर्ड विचारू नकोस असे सांगता येते. सेव्हन-झिप आणि अनझिप यांना एखादा निरर्थक पासवर्ड आधीच द्यावा, म्हणजे ती थांबत नाहीत, चूक नोंदवून बाहेर पडतात. अनझिपचा ८२ हा निर्गम संकेत पासवर्ड चुकल्याचे सांगतो.

आणखी एक शक्यता तपासावी. जीझिपला फाइलीचे नाव दिले नाही, तर ते स्टँडर्ड इनपुटवरून मजकूर येण्याची वाट पाहत बसते. स्क्रिप्टमध्ये फाइलीचे नाव चलात ठेवलेले असेल आणि अवतरणचिन्हांविना लिहिलेले ते चल काही कारणाने रिकामे राहिले आणि इनपुट ‘डेव्ह नल’ऐवजी उघड्या मार्गाला जोडलेले असले, तर कमांड चूक न दाखवता नुसती थांबून राहते. या प्रोसेसची स्थिती ‘एस’ म्हणजे झोपलेली असते, सीपीयू शून्य असतो आणि ती दिवसेंदिवस तशीच राहते. देवनागरी नावांच्या फाइली हाताळणाऱ्यांना नाव रिकामे होण्याचा धोका सांगणे विशेष गरजेचे आहे, कारण पीएचपीचे ‘एस्केप-शेल-आर्ग’ हे फंक्शन लोकेल (भाषा व अक्षरसंचाची मांडणी) ‘सी’ असताना अस्की या मूळ इंग्रजी संचाबाहेरील अक्षरे गाळून टाकते. ‘अहवाल’ एवढेच नाव असलेली फाइल त्यातून बाहेर पडते तेव्हा अवतरणचिन्हांच्या आत काहीच उरलेले नसते. स्क्रिप्टच्या आरंभी ‘सेट-लोकेल’ने यूटीएफ-८ असलेले लोकेल ठरवून द्यावे. त्याहून चांगले म्हणजे वापरकर्त्याने दिलेले नाव कमांडपर्यंत जाऊच देऊ नये. अपलोड झालेली फाइल स्वतः ठरवलेल्या साध्या क्रमांकाने साठवावी आणि मूळ नाव डेटाबेसमध्ये जपावे. वजाचिन्हाने सुरू होणारे नाव साधनाला पर्याय वाटते आणि हे फंक्शन त्यापासून संरक्षण देत नाही. तो धोकाही यामुळे टळतो.

प्रश्न : पीएचपीमध्ये कमाल अंमलबजावणीचा वेळ ३० सेकंद ठेवला आहे. तरीही सेव्हन-झिपच्या प्रोसेस तीन-तीन तास चालू असलेल्या आढळतात, आणि त्याही एकाच फाइलीवर काम करणाऱ्या सात-आठ. वापरकर्त्याला मात्र मिनिटाभरात ५०४ क्रमांकाची (वेळेत उत्तर न आल्याची) त्रुटी दिसते. सहकाऱ्याने पायथनमध्ये मुदत घालून पाहिली. तेथेही मूळ साधन जिवंत राहिले. मुदत पाळली का जात नाही?

उत्तर : मुदत पाळली जाते, पण आपण समजता त्या गोष्टीची नव्हे. विंडोज सोडून इतर प्रणालींवर पीएचपीचे ते ३० सेकंद म्हणजे स्क्रिप्टने स्वतः खर्च केलेला वेळ असतो; ‘एक्झेक’ने चालवलेल्या कमांडची वाट पाहण्यात गेलेला वेळ त्यात मोजलाच जात नाही. सेव्हन-झिप तीन तास राबले, तरी पीएचपीच्या हिशेबी स्क्रिप्टने जेमतेम काही मिलिसेकंद काम केलेले असते.

वापरकर्त्याच्या बाजूला दुसरेच घड्याळ चालू असते. एनजिनएक्ससारखा पुढे बसलेला वेब सर्व्हर मागच्या प्रोसेसकडून ठरावीक काळ काहीच आले नाही, की ५०४ देऊन मोकळा होतो. त्याची मूळ मुदत ६० सेकंदांची असते. पण त्याने कनेक्शन सोडले म्हणून मागे चाललेले काम थांबत नाही. वापरकर्ता साहजिकच पान पुन्हा लोड करतो, त्याबरोबर दुसरे सेव्हन-झिप सुरू होते, मग तिसरे. सात-आठ प्रती म्हणजे सात-आठ वेळा दाबलेले बटण. शिवाय सेव्हन-झिप मूळ मांडणीत अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) वापरते, त्यामुळे सर्व प्रती मिळून सारे कोअर व्यापतात, प्रत्येक प्रत मंदावते आणि मुदतीत पूर्ण होण्याची शक्यता आणखी कमी होते.

पीएचपीचे वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस) चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएममध्ये विनंती संपवण्याची वेगळी मुदत घालता येते आणि ती खऱ्या घड्याळाने मोजली जाते. मात्र ती संपल्यावर मारला जातो तो पीएचपीचा वर्कर. त्याने जन्माला घातलेले साधन मागे राहते, अनाथ होते आणि क्रमांक १ ची प्रोसेस त्याची पालक बनते. ‘पीएस’मध्ये पालकाचा क्रमांक १ असलेल्या सेव्हन-झिपच्या ओळी दिसल्या, तर त्या अशाच मागे राहिलेल्या आहेत असे समजावे.

आपल्या सहकाऱ्याच्या अडचणीचे कारण याच्या जवळचेच आहे. पायथनच्या ‘सबप्रोसेस’मध्ये मुदत संपली की थेट अपत्य मारले जाते. पण कमांड शेलमार्फत, म्हणजे कमांडची ओळ वाचून ती चालवणाऱ्या प्रोग्राममार्फत, चालवली असेल, तर थेट अपत्य म्हणजे शेल. खरे साधन हे त्या शेलचे अपत्य, म्हणजे स्क्रिप्टचे नातवंड. शेल मरतो, नातवंड चालू राहते आणि आउटपुटचा पाइप (एका प्रोसेसचा मजकूर दुसरीकडे नेणारा मार्ग) त्याच्या हाती असल्याने स्क्रिप्टही पुष्कळदा त्याच्यासाठी थांबून राहते. म्हणून शेल मध्ये न आणता कमांड आणि तिचे घटक यादीच्या रूपात द्यावेत, नवे सत्र सुरू करण्याचा पर्याय चालू ठेवावा आणि मुदत संपल्यावर एका प्रोसेसऐवजी संपूर्ण प्रोसेस ग्रुपला सिग्नल पाठवावा.

पीएचपीमधून चालवताना सर्वांत सोपा आणि माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे कमांडच्या आधी ‘टाइमआउट’ हे साधन लावणे. ते बहुतेक लिनक्स वितरणांत आधीपासूनच असते. त्याला ३०० सेकंदांची मुदत आणि ‘-के’ या पर्यायाने आणखी १० सेकंदांची सवलत दिली, तर ते ३०० सेकंदांनी १५ क्रमांकाचा, म्हणजे सभ्यपणे आवरते घ्यायला सांगणारा सिग्नल पाठवते. तरीही साधन थांबले नाही तर १० सेकंदांनी ९ क्रमांकाचा, म्हणजे नाकारता न येणारा सिग्नल पाठवते. पहिल्या सिग्नलावर काम थांबले तर निर्गम संकेत १२४ मिळतो, दुसऱ्याची वेळ आली तर १३७. हे दोन्ही आकडे स्क्रिप्टने वेगवेगळे नोंदवावेत. १३७ मात्र मेमरी संपल्यामुळे कर्नलने प्रोसेस मारली तरी दिसतो. तो संशय असल्यास कर्नलचा लॉग पाहावा. एक्सझेडच्या ९ व्या पातळीवर आकुंचनासाठी एका थ्रेडला सुमारे ६७४ मेबिबाइट मेमरी लागते, त्यामुळे लहान सर्व्हरवर ही शंका मुळीच दूरची नाही.

मोठ्या आर्काइव्हचे काम विनंतीच्या आत करूच नये, असे माझे ठाम मत आहे. विनंतीने कामाची नोंद रांगेत टाकावी आणि वापरकर्त्याला ‘काम चालू आहे’ असे लगेच कळवावे; रांगेतून काम उचलणारी वेगळी प्रोसेस एका वेळी एक किंवा दोनच आर्काइव्ह हाती घेईल. त्याच फाइलीची नोंद रांगेत आधीच असेल, तर दुसरी घेऊ नये. एवढ्याने बटण कितीदाही दाबले तरी प्रती वाढत नाहीत. काही जण यावर झटपट तोड म्हणून कमांडच्या शेवटी ‘अँड’चे चिन्ह लावून ती पार्श्वभूमीला ढकलतात. पीएचपीमध्ये आउटपुट दुसरीकडे वळवले नसेल तर ‘एक्झेक’ तरीही थांबून राहते. आणि वळवले असेल, तर ती प्रोसेस कोणाच्याच देखरेखीखाली राहत नाही.

प्रश्न : पीएचपीचे ‘प्रॉक-ओपन’ वापरून टारचे आउटपुट आणि त्रुटी दोन वेगळ्या पाइपांतून वाचतो. लहान आर्काइव्ह व्यवस्थित होते. पण हजारेक फाइली गेल्या, की सारे ठप्प होते. सीपीयू शून्य, डिस्क शांत, कोठेही त्रुटी नाही. थांबण्याची जागा दर वेळी जवळजवळ तीच कशी?

उत्तर : जागा तीच आहे, हाच पुरावा आहे. लिनक्सवरील पाइपमध्ये मूळ मांडणीत ६५,५३६ बाइट मावतात. आपण आर्काइव्ह स्टँडर्ड आउटपुटवर मागत असल्यामुळे टार प्रत्येक फाइलीचे नाव त्रुटींच्या मार्गावर लिहिते. नावाची ओळ सरासरी ६० बाइटांची धरली, तर १,०९२ ओळींनंतर तो पाइप भरतो. आपली स्क्रिप्ट मात्र आधी आउटपुटचा पाइप शेवटपर्यंत वाचते आहे आणि त्रुटींच्या पाइपाकडे नंतर वळणार आहे. टार भरलेल्या पाइपात जागा होण्याची वाट पाहते, स्क्रिप्ट टारचे आउटपुट संपण्याची वाट पाहते आणि दोघेही एकमेकांसाठी कायमचे थांबतात. टारला ‘एस-ट्रेस’ जोडले, तर क्रमांक २ वर, म्हणजे त्रुटींच्या मार्गावर, लिहिण्याची एकच अपुरी ओळ स्थिर उभी दिसेल.

नावांची यादी नको असेल तर ‘-व्ही’ हा पर्याय काढा. पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण वाचता न आलेल्या फाइलींच्या सूचना पुरेशा झाल्या की पाइप पुन्हा भरेल. त्रुटींचा मार्ग थेट फाइलीकडे वळवावा, कारण फाइल पाइपसारखी चौसष्ट किलोबाइटांवर भरत नाही आणि पुढे निदानासाठी वाचताही येते. दोन्ही पाइप ठेवायचेच असतील, तर ‘स्ट्रीम-सिलेक्ट’ने ज्यात मजकूर आला असेल तो वाचत राहावे, पायथनमध्ये हेच काम ‘कम्युनिकेट’ करते. इनपुटचा पाइप उघडला असेल तर तो सुरुवातीलाच बंद करावा.

प्रश्न : रात्रीच्या बॅकअपसाठी ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या क्रॉनमधून टार आणि झिप चालवतो. दोन आठवड्यांपूर्वी काम वीस मिनिटांत होत असे. आता सकाळी पाहावे तर आदल्या रात्रीची प्रोसेस चालूच असते आणि लोड ॲव्हरेज (चालू किंवा खोळंबलेल्या प्रोसेसची सरासरी संख्या) चाळिसाच्या पुढे असते, पण सीपीयू जवळजवळ रिकामा असतो. काही प्रोसेसना ९ क्रमांकाचा सिग्नल दिला तरी त्या जात नाहीत.

उत्तर : आपल्या पत्रात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या सुट्या करू.

पहिली, कामाचा वेळ का वाढला. बॅकअपच्या फाइली ज्या डिरेक्टरीचा बॅकअप घेता तिच्याच आत ठेवता का, हे आधी पाहा. ग्नू टार स्वतः त्या क्षणी लिहीत असलेली फाइल ओळखून वगळते; कालची आणि परवाची वगळत नाही. मूळ मजकुराचे आर्काइव्ह १ गिगाबाइटचे धरा. दुसऱ्या रात्री त्यात पहिले आर्काइव्ह जाते, म्हणून २ होते. तिसऱ्या रात्री पहिली दोन जातात, म्हणून ४. आधीच आकुंचित झालेल्या फाइली पुन्हा आकुंचित होत नाहीत, त्यामुळे आकार रोज दुप्पट होतो आणि दहाव्या रात्रीचे एकटे आर्काइव्ह ५१२ गिगाबाइटचे असते. पहिले चार-पाच दिवस कोणाच्या लक्षात येत नाही आणि नंतर आवरायला उसंत मिळत नाही. बॅकअपची जागा वेगळ्या डिस्कवर न्यावी. ते जमत नसेल, तर ‘एक्सक्लूड’ने ती डिरेक्टरी वगळावी.

झिपच्या बाबतीत सिम्बॉलिक लिंकही तपासा. झिप मूळ मांडणीत लिंकच्या मागे जाऊन तेथील मजकूर घेते. एखादी लिंक वरच्याच डिरेक्टरीकडे जात असेल, तर तोच मजकूर पुन्हा पुन्हा आत ओढला जातो. लिनक्स एका मार्गात ४० लिंकांनंतर नकार देते, म्हणून फेरी कधीतरी संपते, पण अशा दोन लिंक असतील तर ती संपण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. पहिल्या उत्तरात आलेला झिपचा ‘-वाय’ पर्याय येथे खरा उपयोगी पडतो. रूट डिरेक्टरीपासून बॅकअप घेत असाल तर ‘प्रोक’ वगळलेच पाहिजे. ६४ बिटी इंटेल व एएमडी संगणकांवर तेथील ‘केकोर’ ही फाइल सुमारे १२८ टेराबाइटांची दिसते.

दुसरी गोष्ट, प्रोसेसवर प्रोसेस चढणे. क्रॉन वेळ झाली की काम सुरू करतो; आधीचे संपले का, हे तो पाहत नाही. कमांडच्या आधी ‘एफ-लॉक’ हे साधन ‘-एन’ पर्यायासह लावावे, म्हणजे कुलूप आधीच घेतलेले असल्यास नवे काम सुरूच होत नाही. स्क्रिप्टने स्वतः खुणेची फाइल करून ती शेवटी पुसण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा ही पद्धत चांगली आहे. स्क्रिप्ट मध्येच मेली तर खुणेची फाइल मागे उरते आणि पुढचे सर्व बॅकअप निमूट थांबतात. कर्नलचे कुलूप मात्र ते धरून ठेवणारी शेवटची प्रोसेस गेली की आपोआप सुटते. स्क्रिप्ट गेली आणि तिचे टार मागे जिवंत राहिले, तरी कुलूप टारकडे राहते, आणि नेमके तसेच व्हायला हवे.

तिसरी गोष्ट, न मरणाऱ्या प्रोसेस. त्यांच्या स्थितीचे अक्षर पाहा. ‘डी’ असेल, तर त्या डिस्कच्या किंवा नेटवर्कवरील फाइल प्रणालीच्या उत्तरासाठी कर्नलच्या आत थांबलेल्या आहेत आणि त्या अवस्थेत सहसा सिग्नल त्यांच्यापर्यंत पोचत नाही. लिनक्सचे लोड ॲव्हरेज ‘आर’बरोबर या ‘डी’ प्रोसेसही मोजते, म्हणून सीपीयू रिकामा असूनही आकडा चाळीस दिसतो. येथे प्रोसेसशी झगडण्यात अर्थ नाही. ज्या डिस्कचे किंवा दूरच्या सर्व्हरचे उत्तर येत नाही, तिकडे लक्ष द्यावे. ते उत्तर आले की पाठवून ठेवलेले सिग्नल लागू होतात. अक्षर ‘झेड’ असेल, तर ती प्रोसेस आधीच मेलेली आहे. पालकाने तिचा निर्गम संकेत उचललेला नाही एवढेच. ती मेमरी किंवा सीपीयू खात नाही, पण संख्या वाढत असेल तर पालक स्क्रिप्टमध्ये अपत्याची वाट पाहणारी ओळ राहून गेली आहे.

नाव देऊन सर्व टार एकदम मारण्याचा मोह मात्र टाळावा. मी काम करीत असे अशा एका ठिकाणी अडकलेल्या प्रोसेस साफ करताना नुकताच सुरू झालेला धडधाकट बॅकअपही त्याच कमांडने गेला होता आणि ते आम्हाला कळले ते तो बॅकअप हवा झाला तेव्हा. ‘पीएस-ट्री’ने वंशावळ पाहून, नेमक्या ग्रुपचा क्रमांक घेऊन तेवढाच थांबवावा.

प्रश्न : अपलोड झालेली झिप फाइल जेमतेम ४० किलोबाइटची होती, पण ती उलगडताना संपूर्ण डिस्क भरली. हे शक्य आहे का, आणि आधी ओळखता येईल का?

उत्तर : शक्य आहे. झिपमध्ये सहसा वापरल्या जाणाऱ्या डिफ्लेट पद्धतीत आकुंचनाचे प्रमाण जास्तीत जास्त १ : १०३२ पर्यंत जाते, पण आर्काइव्हमध्ये आर्काइव्ह ठेवत गेले, किंवा एकच आकुंचित मजकूर अनेक फाइलींचा म्हणून दाखवला, तर ही मर्यादा ओलांडता येते. ‘४२ डॉट झिप’ या नावाने ओळखली जाणारी ४२ किलोबाइटची फाइल आतील सर्व थर उलगडल्यास सुमारे ४.५ पेटाबाइट होते. २०१९ मध्ये डेव्हिड फिफील्ड यांनी थरांची गरजच नसलेली रचना दाखवली. त्यात ४२ किलोबाइटांतून एकाच फेरीत साडेपाच गिगाबाइट आणि १० मेगाबाइटांतून सुमारे २८१ टेराबाइट बाहेर पडतात.

उलगडण्याआधी अनझिपच्या ‘-एल’ पर्यायाने फाइलींची संख्या आणि एकूण आकार पाहून मर्यादेबाहेरचे आर्काइव्ह नाकारावे. पण ती यादी फाइल बनवणाऱ्याने लिहिलेली असते, म्हणून तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये. शेलमधील ‘यू-लिमिट -एफ’ने एका फाइलीचा आकार बांधता येतो. ही मर्यादा बॅशमध्ये १,०२४ बाइटांच्या आणि डॅशमध्ये ५१२ बाइटांच्या एककात मोजली जाते, आणि डेबियन-उबुंटूवर ‘एसएच’ म्हणजे डॅश, त्यामुळे तोच आकडा निम्मी मर्यादा देतो. ही मर्यादा एका फाइलीपुरती असल्याने हजारो मध्यम फाइलींपुढे ती निरुपयोगी ठरते. एकूण जागेसाठी उलगडण्याचे फोल्डर वेगळ्या विभाजनावर किंवा कोटा लावलेल्या खात्यावर ठेवणे हाच खरा बांध. तो भरला तरी डेटाबेस आणि लॉग यांची जागा सुरक्षित राहते. सेवा सुरू करून सांभाळणारी सिस्टिम-डी ही व्यवस्था उपलब्ध असेल तर ‘सिस्टिमडी-रन’ने मेमरी, प्रोसेसची संख्या आणि एकूण वेळ या तिन्ही मर्यादा एकाच ठिकाणी लावता येतात. त्या कंट्रोल ग्रुपवर, म्हणजे कर्नलने एकत्र बांधलेल्या प्रोसेसच्या गटावर, लागू होत असल्यामुळे, मुदत संपली की अपत्ये आणि नातवंडे धरून सर्वच थांबवली जातात.

थांबवल्यानंतर अर्धवट उलगडलेले तात्पुरते फोल्डर पुसण्याची जबाबदारी स्क्रिप्टचीच राहते. स्क्रिप्टही त्याच फेऱ्यात मेली असेल तर ते कोणीच करणार नाही, म्हणून ठरावीक तासांपेक्षा जुनी अशी फोल्डरे काढून टाकणारे एक छोटे स्वतंत्र काम क्रॉनमध्ये, ‘एफ-लॉक’सह, लावून ठेवावे.